खिडकीची सीट, गॉलपर्यंत

"एवढे पैसे घालून नारळाचीच झाडं बघायची होती, तर मालवणला मामाकडे काय वाईट होतं?"

मी कपाटात पासपोर्ट शोधत असताना आईने टाकलेला हा बाउन्सर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण प्रश्न चुकीचा नव्हता. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याचे फोटो बघितले, तर लाल माती, कौलारू घरं, माड आणि समुद्र. खाली मराठीत 'तारकर्ली' लिहिलं तरी कोणी हरकत घेणार नाही.

तरी गेलो. फेब्रुवारीत, सहा दिवस, आम्ही तिघी. मी फ्रीलान्सर (म्हणजे सुट्टी कायमची आणि पैसे कधीमधी), एक हिंजवडीतली आयटीवाली आणि एक बँकवाली. ट्रिप कॉलेजच्या कँटीनमध्ये ठरली होती. पण आधी सबमिशन्स, मग नोकऱ्या, मग कोणाचं अप्रेझल, असं करत सात वर्षं गेली. एप्रिलमध्ये बँकवालीचं लग्न ठरलं आणि अचानक तिघींच्या रजा मंजूर झाल्या. मुंबई ते कोलंबो विमानाला साधारण अडीच तास लागतात. पुण्याहून मुंबई एअरपोर्टला पोचायला आम्हाला त्याहून जास्त लागले, हे सांगायला नकोच.

श्रीलंकेत नऊ प्रांत आहेत. आम्ही निवडला तो सदर्न प्रॉव्हिन्स, म्हणजे गॉल, मातारा आणि हंबनटोटा हे तीन जिल्हे. सहा दिवसांत अख्खा देश 'कव्हर' करायचा नाही, हे आमचं पहिलं आणि शेवटचं शहाणपण. किनाऱ्याच्या या भागाला जायचं तर डिसेंबर ते मार्च हे महिने बरे. नंतर पाऊस आणि खवळलेला समुद्र. व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, तेव्हा मित्राच्या मित्राला विचारण्यापेक्षा निघण्यापूर्वी सरकारी साइटच बघा.

आता कामाची टीप. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलची ट्रेन पकडा आणि उजवीकडची खिडकी मिळवा. भांडून, पळून, पर्स फेकून, कशीही. कारण ही लाइन समुद्राच्या इतक्या जवळून जाते, की काही ठिकाणी रूळ आणि लाटा यांच्यामध्ये फक्त दगड असतात. आपली लोकल मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून धावली तर कसं वाटेल, तसं. दारात उभं राहून वारा खायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीतले खारे वडे चावायचे. बेंटोटाची नदी ओलांडली की आपण दक्षिण प्रांतात शिरलो. आम्ही तर दारात उभ्या राहून रील्सवर रील्स काढत होतो.

हिक्कडुवाच्या थोडं आधी एक वेगळी गोष्ट झाली. समोरच्या सीटवरच्या काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि मिनिटभर डोळे मिटले. आजूबाजूचे दोन-तीन जणही गप्प झाले. बाहेर नारळाची झाडं आणि घरं, बाकी काही नाही. आम्हाला वाटलं, देऊळ असेल. आमचं रील चालूच होतं.

गॉल. क्रिकेट बघणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. २२ जुलै २०१० ला मुरलीधरनने आपल्या प्रग्यान ओझाला बाद करून ८०० वी विकेट घेतली, ती याच मैदानावर. त्याच्या टेस्ट करिअरमधली ती शेवटची विकेट. या मैदानाची गंमत म्हणजे मागे डच किल्ल्याची तटबंदी आहे आणि तिकीट न काढता लोक तिच्यावर बसून मॅच बघतात. ९ जुलै २०२२ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट चालू असताना याच तटबंदीवर चढून लोक सरकारविरुद्ध घोषणा देत होते. त्याच दिवशी तिकडे कोलंबोत जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसला. देशाने एप्रिलमध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं होतं आणि पेट्रोलसाठी लोक दिवसचे दिवस रांगेत होते. खेळपट्टीवर मॅच, भिंतीवर क्रांती.

या भिंतीबद्दलच मला खरं तर सांगायचंय.

पोर्तुगीजांनी इथे १५८८ मध्ये किल्ला बांधला. १६४० मध्ये डचांनी तो घेतला आणि मग दगडी बुरूज-तट उभारून आजचं रूप दिलं. १७९६ मध्ये इंग्रज आले. एवढ्या सगळ्यांना इथे काय हवं होतं? मोक्याचं बंदर तर होतंच, पण दालचिनीही. तुमच्या-आमच्या मसाल्याच्या डब्यात जी जाड साल असते, तो बहुतेक वेळा कॅसिया नावाचा भाऊबंद. खरी सिलोन दालचिनी म्हणजे कागदासारख्या पातळ सालीच्या, एकात एक गुंडाळलेल्या कांड्या. या कांड्यांसाठी माणसं समुद्र ओलांडून आली. आम्ही त्या तीन पाकिटं आणल्या. आईने वास घेऊन "बरी आहे" म्हटलं. मालवणी भाषेत हा ऑस्कर असतो.

किल्ल्याच्या जुन्या दरवाजावर आतल्या बाजूने डच कंपनीचं चिन्ह आहे, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल. बाहेरच्या बाजूने ब्रिटिशांचं. म्हणजे आत जाताना एक मालक आणि बाहेर पडताना दुसरा! आत १७५५ चं डच चर्च आहे, त्याच्या जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत. पावलं कुठे टाकायची कळत नाही. टोकाला पांढरंशुभ्र दीपगृह आणि त्याच्यासमोर मशीद, जी लांबून चक्क चर्च वाटते. १९८८ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. आणि मुख्य म्हणजे हे म्युझियम नाही. आत शाळा आहेत, कोर्ट आहे, घरं आहेत. संध्याकाळी तटावरून फेरफटका मारायचा, पोरं क्रिकेट खेळत असतात, प्रेमी युगुलं छत्रीआड बसलेली असतात (बॅन्डस्टँडची आठवण येते), आणि सूर्य थेट समुद्रात बुडतो. सॉलिड!

पण घरं दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. जुन्या वाड्यांची बुटीक हॉटेलं झाली, खाली दागिन्यांची दुकानं, वर रूफटॉप कॅफे. आम्ही पहिल्या दिवशी एका सुंदर अंगणात बसून तीन आइस्ड कॉफी प्यायलो आणि बिल बघून बँकवालीने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. आपला एक रुपया म्हणजे तिथले साधारण साडेतीन. तरीही तीन कॉफी म्हणजे आमच्या होमस्टेची अर्धी रात्र.

होमस्टे अर्थातच किल्ल्याच्या बाहेर होता, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. मालकीणबाई पन्नाशीच्या. सगळी गल्ली त्यांना 'अक्का' म्हणायची, म्हणून आम्हीही. सिंहलीतही अक्का म्हणजे मोठी बहीण. या भाषेने आम्हाला रोज चकवलं. एक, देक, तुन, हतर, पह असे आकडे. घर म्हणजे गेदर. भाताला बत्. थँक्यू म्हणायचं तर स्तुती. आणि आंबट म्हणजे आंबुल. अक्काच्या हातचं 'आंबुल तियल' मी जन्मात विसरणार नाही. ट्यूनाचे तुकडे, मिरी आणि 'गोरका' नावाचं काळं, वाळलेलं फळ घालून मडक्यात पार सुकेपर्यंत शिजवलेले. गोरका चाखला आणि मी ओरडलेच, "अगं, हे तर कोकमच!" कोकम नाही, पण त्याच कुळातलं. मी फोनवर आईला वर्णन करून सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, "तिरफळं घालत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कोग्गलाकडे निघालो. तिथे समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे कोळी दिसतात. श्रीलंकेच्या प्रत्येक पोस्टरवर असतात ते. ही पद्धत फार पुरातन वगैरे असावी असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मानतात. त्या वेळी कोग्गलाला ब्रिटिशांचा हवाई तळ होता. सिंहलीतले मोठे लेखक मार्टिन विक्रमसिंघे यांचं घरही तिथलंच, आता तिथे म्युझियम आहे. जुनी भांडी, बैलगाड्या, होड्या, मुखवटे. दीड तास सहज जातो. नक्की जा, गर्दी नसते.

काठ्यांवर चार जण बसले होते. आम्ही मोबाइल काढल्याबरोबर पाचवा किनाऱ्यावरून पुढे आला. "फोटो, वन थाउजंड. ईच." बँकवाली म्हणजे तुळशीबागेत घडलेला पीस. तिने दहा मिनिटं घासाघीस करून तिघींचे मिळून पाचशेवर आणलं. मी त्या माणसाला विचारलं, मासे मिळतात का? तो हसून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "फिश सकाळी आणि संध्याकाळी येतो. टूरिस्ट दिवसभर येतो." फोटो मात्र अप्रतिम आले. रात्रीपर्यंत चारशे लाइक्स.

तिसऱ्या रात्री लाइट गेले. व्हरांड्यात मेणबत्ती लावून अक्का आमच्याबरोबर बसली. मी सहज म्हटलं, ट्रेनमध्ये एक काका डोळे मिटून बसले होते, तिथे देऊळ आहे का? अक्का म्हणाली, "पेरलिया."

२६ डिसेंबर २००४. रविवार आणि पौर्णिमा. तिथे प्रत्येक पौर्णिमेला, पोयाला, सुट्टी असते, त्यामुळे ट्रेन खचाखच भरलेली होती. पहिली लाट आली, गाडी थांबली. आजूबाजूच्या वस्तीतले लोक डब्यांत चढले, डब्यांच्या मागे लपले, कारण रेल्वेपेक्षा भक्कम आसपास काय असणार? मग दुसरी लाट आली. त्या एका गाडीत आणि गाडीपाशी हजाराहून कितीतरी जास्त माणसं गेली. देशभरात ३५ हजारांच्या वर. दर वर्षी त्या तारखेला गावात लोक जमतात, ट्रेननेही येतात. जपानच्या मदतीने उभारलेला उंच बुद्धही तिथे आहे. तेव्हा मी दुसरीत होते. टीव्हीवर बघितल्याचं आठवतं, त्यातही नाताळच्या सुट्टीत कार्टून लागत नाही याचा रागच जास्त.

अक्का त्या दिवशी किल्ल्यात होती. तिथल्या एका घरात ती स्वयंपाकाला जायची. धाकटी बहीण, तिच्या शब्दांत 'नंगी', बस स्टँडजवळच्या बाजारात भाजी घेऊन मागून येणार होती. साडेनऊच्या सुमाराला मोठा आवाज झाला. सगळे तटावर धावले. किल्ल्याच्या आत नुकसान झालं, पण थोडं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीने पाणी अडवलं. बाहेर बस स्टँडमध्ये बसेस तरंगत होत्या. क्रिकेटचं मैदान पाण्याखाली. ते पुन्हा टेस्टसाठी उघडलं ते २००७ च्या डिसेंबरात.

"वरून दिसत होतं," अक्का म्हणाली. "सगळं दिसत होतं. मी कोरडी होते."

बहीण सापडली नाही.

मेणबत्तीवर किडे येत होते. काय बोलायचं असतं अशा वेळी? आयटीवालीने अक्काचा हात धरला. मग अक्काच म्हणाली, की ज्या घरात ती स्वयंपाक करायची ते पुढे विकलं गेलं, मालक कोलंबोला गेले, आता तिथे हॉटेल आहे. अंगणात छान झाड आहे, कॅफे आहे, गोरे लोक येतात. तिने गल्लीचं नाव सांगितलं. आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि कोणी काही बोललं नाही. ती कॉफी आम्ही तिथेच प्यायलो होतो.

खोलीत गेल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. अंधारात आयटीवाली म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या बाहेर त्या पावसात कंबरभर पाणी होतं ना, तेव्हा आत मी जिममध्ये होते. खिडकीतून व्हिडिओ काढलेला मी." मी म्हटलं, झोप आता.

चौथ्या दिवशी पहाटे मिरिसाला व्हेल बघायला गेलो. नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला सीझन. समुद्र किनाऱ्यापासून जवळच एकदम खोल होतो, म्हणून ब्लू व्हेल इतक्या जवळ येतात. जगातला सगळ्यात मोठा प्राणी! प्रत्यक्षात बोट सुरू झाल्यावर वीस मिनिटांत आयटीवाली उलट्यांना लागली आणि अडीच तासांनी एक राखाडी-निळी पाठ वर आली. कारंजं उडालं. अंगावर काटा आला, खोटं का बोलू? आणि त्याच क्षणी पाच बोटी तिच्याकडे सुसाट निघाल्या, आमचीही त्यात. ती बुडी मारून गेली. बरोबर केलं. हा भाग मोठ्या मालवाहू जहाजांच्या वाटेवरही येतो, टकरीत व्हेल मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. तुम्ही गेलात तर बोटवाल्याला आधीच विचारा, तो किती जवळ जातो. 'अगदी जवळ' म्हणाला, तर दुसरा शोधा.

तिथून डोंड्रा. सिंहली नाव देविनुवर, म्हणजे देवांचं नगर. श्रीलंकेचं दक्षिण टोक. ४९ मीटर उंच दीपगृह आहे आणि तिथून सरळ दक्षिणेला निघालात, तर अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. एके काळी इथे विष्णूचं मोठं, श्रीमंत देऊळ होतं. १३४४ मध्ये इब्न बतूता बघून गेला, १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी ते पाडलं. आजचं नंतरचं आहे. चिनी दर्यासारंग झेंग ह याच्या आरमाराने १४०९ चा एक शिलालेख या बेटावर आणला. तो गॉलमध्ये १९११ मध्ये सापडला, आता कोलंबोच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये इथल्या विष्णूला आणि पर्शियनमध्ये अल्लाला दान दिल्याचं कोरलंय. एकाच दगडावर तिघांनाही. पीआर असावा तर असा.

परतताना कोग्गला आलं तेव्हा बँकवालीने रिक्षा थांबवायला सांगितली. पर्समधून अडीच हजार काढले, म्हणजे त्या दिवशी घासाघीस करून वाचवलेले. वाळूतून चालत गेली. आम्ही बघतोय. काठीवर कालचा, म्हणजे परवाचा, माणूस नव्हताच. दुसराच कोणीतरी, पोरगेलासा. त्याने हिला बघून गळ नीट धरला, पोझ घेतली आणि विचारलं, "फोटो?" हिने मान हलवली आणि पैसे पुढे केले. तो गोंधळला. घ्यावेत की नाही? शेवटी हजार घेतले, बाकीचे परत दिले आणि तरीही पोझ देऊन बसूनच राहिला. हिने नाइलाजाने एक फोटो काढला. तो तिने कुठेही टाकला नाही. मोबाइलही आडवा होता, माणूस अर्धाच आलाय.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तटावर गेलो. अक्काला 'चला' म्हटलं, ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला भात टाकायचाय." आम्ही या वेळी समुद्राकडे तोंड करून नाही, उलट्या बाजूला बसलो, जिथून मैदान आणि बस स्टँड दिसतं. लाल बसेस येत होत्या, जात होत्या. कंडक्टर ओरडत होते. भाजीच्या पिशव्या घेऊन बायका पळत होत्या. आयटीवालीने मोबाइल काढला नाही. अर्धा तास बसलो, मग भूक लागली.

निघायच्या दिवशी अक्का स्टेशनवर आली. नको नको म्हटलं तरी हातात केळीच्या पानात बांधलेला भात आणि आंबुल तियल. परतीच्या गाडीत समुद्र डावीकडे असतो. आमचा सगळा प्लॅन तयार होता, आयटीवाली रुमाल टाकायला खिडकीबाहेरून सज्ज. पण गाडी लागताच अक्का आमच्याही आधी आत शिरली आणि तीन जागा अडवून ओरडायला लागली, "या, या, इकडे!"

तिने उजवीकडच्या जागा पकडल्या होत्या. जमिनीकडच्या.

आम्ही बसलो. गाडी सुटली. अक्का हात हलवत राहिली. पलीकडच्या खिडकीत समुद्र होता, तिथे एक परदेशी जोडपं बसलेलं. आमच्या खिडकीत घरांच्या मागच्या बाजू, दोरीवरचे कपडे, विहिरीवर आंघोळ करणारी पोरं, दारात उभ्या बायका. हिक्कडुवा गेलं. बँकवालीने मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. गाडी पेरलियाला थांबत नाही.